मागचा दोर

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

ही वही दुकानात तांदळाच्या पोत्यांमागे राहील. घरी ठेवली तर मंजुश्री वाचणार, आणि वाचून वर शुद्धलेखनाच्या चुका काढणार. मास्तरीण बायको केली की एवढं सोसावं लागतं.

लिहायचं कारण एकच आहे. मला भीती वाटते आणि अख्ख्या देवणाळ गावात ते सांगायला माणूस नाही.

आमच्या घराकडे वीरभद्राच्या रथाच्या पाचरेचा मान आहे. शिवरात्रीनंतरच्या रविवारी रथ निघतो. दोनशे गडी पुढचे दोर ओढतात आणि पुढच्या दोन चाकांजवळ दोघे जण लाकडाची पाचर घेऊन चालतात. रथ थांबवायचा झाला की पाचर फिरत्या चाकाखाली सारायची आणि आपला हात काढून घ्यायचा. डाव्या चाकाला व्यंकटी सुतार असतो. उजव्या चाकाला आमचे अप्पा. मलप्पा पाचरेवाले म्हटलं की निलंग्यापर्यंत लोक ओळखतात. एकतीस वर्षं झाली.

यंदा अप्पांचा गुडघा गेला. लातूरच्या डॉक्टरांनी भरभर चालायलासुद्धा मनाई केली आहे. काल जेवताना अप्पा म्हणाले, "यंदा पाचर सोमेश धरील." मला विचारलं नाही, सांगितलं. मी "हाव" म्हणालो आणि भाकरी गिळली.

वय एकोणचाळीस, वजन ब्याण्णव किलो. दिवसभर गल्ल्यावर बसतो. गेल्या वर्षी दुकानात मांजर शिरलं तर मी काउंटरवर चढलो होतो.

९ फेब्रुवारी, रविवार

नवा रथ आला. लातूरच्या कारखान्यातून लांब ट्रेलरवर आणला. गावाने फटाके उडवले. मी खाली उभा राहून चाकाकडे बघत होतो. चाक माझ्या खांद्याला लागतं.

जुना रथ सगळा लाकडी, आखसुद्धा लाकडाचा. चालायला लागला की असा करकरायचा की तीन गल्ल्यांतली कुत्री ओरडायची. दोर सोडले की दोन पावलांत आपला आपण उभा राहायचा. नव्याला लोखंडी सांगाडा, सागवान, वर पितळी पत्रा, आणि आखाला बेअरिंग. येताना वजनकाट्यावर घातला, सात टन भरला. जुना तीनसुद्धा नव्हता.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष अमरनाथशेठ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सोमेश, तुझं काम सोपं झालं बघ. हलका रथ पळतो. जड रथ हत्तीसारखा चालतो. जड हाय, पळणार न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जड माणूस कमी पळतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अप्पा रोज सकाळी अंगणात मला शिकवतात. रथ म्हणून बैलगाडीचं जुनं चाक, ते हळूहळू ढकलतात. "चाकाकडं बघायचं न्हाई. दोराकडं बघायचं. दोर ढिला पडला की पाचर." सांगताना अप्पांचा चेहरा देवासारखा होतो. या माणसाला कधी भीती वाटलीच नसेल. मी कोणावर गेलो कोण जाणे.

अव्वा तांदूळ निवडत बघत होती. मध्येच म्हणाली, "पाचर ठेवून बाजूला व्हायला किती वेळ लागतो रे तुला?"

मी करून दाखवलं. ती तोंडातल्या तोंडात अंक मोजत होती.

"लई सावकाश हाय," म्हणाली आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

सख्खी आई. एक शब्द धीराचा नाही. अव्वाला माझी लाजच वाटत असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज रथाची चाचणी झाली. देवळासमोर सपाट रस्ता आहे तिथे. देव नाही, पुजारी नाहीत, रिकामा रथ आणि साठ गडी. आधी हलेचना. मग "हर हर महादेव" म्हणून जोर लावला तेव्हा गोगलगाईसारखा निघाला. अमरनाथशेठ खूश. "बघा, किती संथ!"

मग "थांबवा" म्हणून ओरडले. गड्यांनी दोर टाकले. मी पाचर सारली आणि हात काढला.

रथ थांबला नाही. चाक पाचरेवर चढलंच नाही, पाचरेलाच पुढे ढकलत घेऊन गेलं. सात पावलं. मी मोजली. सिमेंटच्या रस्त्यावर पाचरेचा पांढरा ओरखडा उमटला. मग थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अमरनाथशेठनी पेढे वाटले.

तो ओरखडा फक्त मी आणि व्यंकटीनं पाहिला. त्याने बिडी पेटवली आणि उलट्या बाजूने तोंडात धरली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज मंजुश्रीला सांगितलं. सगळं नाही, ओरखड्याचं तेवढं. तिची शाळा सुटल्यावर ती दुकानात आली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला गोदामात."

गोदामाच्या दारात माल उतरवायचा उतार आहे. तिथे आमची हातगाडी. रिकामी गाडी मला ढकलायला लावली. भुर्रकन गेली. मग तुरीची सहा पोती टाकली. "आता तेवढाच जोर लावा." गाडी जेमतेम हलली.

"हेच अमरनाथशेठ सांगून राहिले," मी म्हणालो. "जड पळत नाही."

"अर्धंच सांगून राहिले." मंजुश्री नांदेडची. ठासून बोलते. "आता चालती गाडी थांबवा."

रिकामी गाडी मी एका हाताने थांबवली. पोत्यांची गाडी थांबवताना ती मला घेऊन भिंतीपर्यंत गेली. कोपर सोलवटलं.

"जे हलवायला जड, ते थांबवायलाही तितकंच जड. जोर तेवढाच ठेवून वजन दुप्पट केलं, तर वेग वाढतो तोही निम्माच आणि कमी होतो तोही निम्माच. नववीच्या पोरींना कळतं हे."

मी म्हणालो, निदान वेग हळू वाढेल ना. तेव्हा तिने मला उतारावर उभं केलं. रिकामी गाडी सोडली, मग भरलेली सोडली. दोन्ही जवळजवळ सारख्याच वेळात खाली आल्या. सहा पोती असूनसुद्धा.

"उतारावर ओढणारं कोण? तिचं स्वतःचं वजनच. वजन जास्त तर ओढसुद्धा तेवढीच जास्त. तिथं तुमचा हत्ती घोड्यासारखाच पळणार."

वेशीपासून बसथांब्यापर्यंत उतार आहे. पूर्वी तिथे मुरूम होता, चाकं रुतायची. मागच्या दिवाळीत सिमेंट झालं.

मंजुश्रीने पुडीच्या कागदावर हिशोब मांडला. देव, पुजारी, मानकरी धरून आठ टन. वीस पावलांमागे एक पाऊल उतार. म्हणजे उतारावर रथाला चारशे किलोची ओढ. मोकळा सुटला तर चाळीस मीटरमध्ये सायकल जोरात हाणणाऱ्या माणसाइतका वेग येतो. आठ टन, सायकलीच्या वेगाने. आणि समोर दोर ओढणारे दोनशे जण, त्यांच्यापुढे बसथांब्यावरची दुकानं आणि लेकरंबाळं.

"थांबवायचा कसा?" मी विचारलं.

"मागून. मागं दोर बांधून माणसांनी धरायचा. वीस-पंचवीस जण लागले तर वेग वाढणार नाही. पन्नास-साठ असले तर थांबेल. पाचर शेवटी, रथ उभा राहत आल्यावर."

तो पुडीचा कागद मी या वहीत ठेवला आहे. पुन्हा उघडून बघायचं धाडस नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अमरनाथशेठकडे गेलो. घरून निघताना तीनदा पाणी प्यायलो. मागच्या दोराचं बोललो. हातगाडीचंही सांगितलं.

ते आधी हसले. मग गंभीर झाले. "देवाला मागं ओढायचं? ज्या गावानं देव मागं ओढला त्या गावाचं सगळंच मागं जातं. आजवर या रथाला मागं दोर न्हाई लागला."

"ओढायचं नाही शेठ, फक्त..."

"तुला भ्या वाटून राहिलं का सोमेश?"

तिथे चार माणसं बसली होती. मी म्हणालो, "छ्या! भ्या कसलं?"

घरी आलो आणि न्हाणीघरात जाऊन ओकलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मंजुश्रीने गोदामातले ट्रकवर माल बांधायचे दोन जाड दोर मागितले. महिला दिनाला शाळेच्या पटांगणात बायकांची रस्सीखेच आहे म्हणे. नवरा चाकाखाली जायला नऊ दिवस उरलेत आणि हिला रस्सीखेच सुचते. दिले दोर. काय बोलणार?

कहर म्हणजे अव्वा पण त्यात आहे! चौसष्ट वर्षांची बाई. आता रोज दुपारी शेजारच्या रत्नम्माकाकूला घेऊन शाळेकडे जाणार म्हणे. रत्नम्माकाकू तर अव्वापेक्षा मोठी, दात तीन उरलेत. आज दुपारी दुकानावरून साठेक बायका हसत-खिदळत गेल्या. मी इथे दिवस मोजतोय आणि यांची जत्रा आतापासूनच सुरू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज धीर करून अप्पांना म्हणालो, "मला जमणार न्हाई. मान सोडून देऊ."

अप्पा रागावले नाहीत. खुंटीवरचा पटका काढला, काठी घेतली. "मग मी जातो. पाचर काय, बसूनबी सारता येते."

उठताना गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. तोंडावर वेदना दिसली तरी उभे राहिले. हा माणूस खरोखर जाईल. तीन पावलं पळू न शकणारा माणूस आठ टनांपुढे बसेल.

"बसा अप्पा," म्हणालो. "चेष्टा केली."

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तवा लागला." दोन्ही तळहातांना तवा कसा लागला, देव जाणे. माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत काय होतं कळलं नाही. तिरस्कार असावा.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपास. भूक नव्हतीच. लिंगपूजा केली. देवाकडे काही मागितलं नाही, कारण रथ त्याचाच आहे. तक्रार कुणाची कुणाकडे करायची?

१ मार्च, शनिवार

अर्धापूरहून केळ्यांचा ट्रक आला. रथावर केळी आणि खारका उधळायची आपल्याकडे रीत आहे. यंदा नवा रथ म्हणून दुप्पट केळी मागवली.

मी केळ्यांचे घड उतरताना बघत होतो आणि एकदम डोक्यात आलं. सिमेंटचा रस्ता, त्यावर चेंदामेंदा झालेली केळी, त्यावर माझे पाय आणि माझी पाचर.

व्यंकटी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सोमेशअण्णा, उद्या वेशीतून उतरलं की जास्त येळ चाकापाशी थांबू नगा."

"आणि रथ?"

"रथाचं बघू." आणि गेला. या माणसाला काही कळतच नाही.

२ मार्च, रविवार, सकाळ

आंघोळ झाली. नवं धोतर नेसलो. मंजुश्रीने कपाळाला भस्म लावताना हात माझ्या गालावर जरा जास्त वेळ ठेवला. एक शब्द बोलली असती तर मी रडलो असतो.

अक्षरा, माझी लेक, पहिलीत आहे. "पप्पा, तुम्ही रथाचे ड्रायव्हर का?" म्हणून विचारत होती. मी हाव म्हणालो.

चारला रथ निघतो. फार भीती वाटते.

३ मार्च, सोमवार

जिवंत आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण गावात भलतंच सांगून राहिलेत.

देवळापासून वेशीपर्यंत सगळं ठीक होतं. रथ संथ चालला. लोक वरून केळी फेकत होते, एक माझ्या डोळ्यावर बसलं. मी दोराकडे बघत होतो. वेशीतून पुढची चाकं उतरली आणि ताणलेला दोर एकाएकी ढिला पडला. म्हणजे ओढायची गरजच संपली. रथ स्वतःच निघाला होता.

पहिल्यांदा आवाज बदलला. जुना रथ करकरायचा. हा गुरगुरत होता, बारीक, आणि तो आवाज चढत होता. दोरवाल्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. हसत होते आणि हसता हसता पळायला लागले.

मी पाचर सारली. चाकाने ती केळ्यांच्या चिखलातून अशी उडवली की शेजारच्या भिंतीवर जाऊन आदळली. दुसरी पाचर हातात होती. ती सारायला वाकलो. चाक माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. त्यावरच्या पितळी फुलात मला माझा चेहरा दिसला.

आणि मी पळालो.

खरं लिहायचं तर पाचर टाकली आणि पानटपरीच्या ओट्यावर उडी मारली. पुढे लोक होते, लेकरं होती, अक्षरा तिथेच कुठेतरी मंजुश्रीच्या बहिणीबरोबर होती. मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मी डोळे मिटून ओट्याच्या खांबाला मिठी मारली आणि मोठ्या आवाजाची वाट बघत बसलो.

आवाज झाला नाही. गुरगुर उतरत गेली. डोळे उघडले तर रथ माझ्यासमोरून चालला होता, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. आणि रथाच्या मागे दोन जाड दोर ताणलेले. दोन्हींना बायका लटकलेल्या. नऊवारी, सहावारी, पदर खोचलेले, टाचा सिमेंटात रोवून मागे कललेल्या. बाजूला मंजुश्री शाळेतल्यासारखी ओरडत होती, "धरा! धरा! झटका नको, धरा!" रत्नम्माकाकू आडवी झाली होती तरी दोर सोडला नव्हता. आणि पहिल्या दोरावर सगळ्यांत पुढे अव्वा.

बसथांब्याच्या दहा-बारा पावलं अलीकडे रथ रांगू लागला तेव्हा व्यंकटीने पाचर सारली. थांबला.

मी ओट्यावरून उतरलो आणि चाकाला हात लावून उभा राहिलो, खरंच थांबलंय का ते बघायला. लोकांनी वळून पाहिलं तर उजव्या चाकापाशी मी. झालं. मला खांद्यावर घेतलं. "मलप्पाचा वाघ!" म्हणून ओरडले. अमरनाथशेठनी गळ्यातला हार काढून मला घातला आणि म्हणाले, "पाचरेवाला असावा तर असा."

मी काहीच बोललो नाही. एवढ्या मोठ्याने "हर हर महादेव" चाललं होतं की बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आज सकाळी कमिटी बसली. देव मागे ओढला म्हणून बायकांना जाब विचारायचा होता. रत्नम्माकाकू उभी राहिली, तीन दातांतून म्हणाली, "मागं वढला कुठं? एक बोट तरी मागं गेला का? आमी निस्तं धरलं. पुढच्या दोराला बाईचा हात लावायचा न्हाई, ठरलेलं हाय. मागच्या दोराचं काय ठरलंय ते कमिटीच्या वहीत दाखवा." वहीत काय असणार? मागचा दोरच कधी नव्हता. कमिटीने विषय तिथेच मिटवला. मंजुश्रीने सगळ्यांना सांगितलं की दोर व्यंकटीने पहाटेच मागच्या आखाला बांधून आत गुंडाळून ठेवले होते. व्यंकटीने बिडी पेटवली. या वेळी सरळ.

आणि मी तिथेही गप्पच बसलो. हार अजून घरात खुंटीवर आहे.

दुपारी दुकान बंद केलं आणि घरी गेलो. अव्वा जमिनीवर बसली होती. दोन्ही तळहात सोलून लाल झालेले. मी शेजारी बसून तिच्या हाताला तूप लावायला घेतलं. अप्पा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपले असावेत असं वाटलं.

"अव्वा," मी म्हणालो, "मी रथ थांबवला न्हाई. मी पळालो."

"ठाऊक हाय. बघितलं की मी."

"कसं? तू मागं होतीस."

"मागनंच दिसतं सगळं. पुढच्यांना दोर दिसतो, वरच्यांना देव. आमी बाया रथामागं आरती घेऊन चालतो, आमाला चाकापाशी कोण उभं हाय आन् कोण न्हाई ते दिसतं." तिने दुसरा हात पुढे केला. "तू उडी मारलीस तवा कुठं माझ्या जिवात जीव आला. तवर माझे हात निस्ते थरथरून राहिले होते, धरता येईना."

मी तुपाची वाटी खाली ठेवली. तिला माझी लाज वाटते असं मी महिनाभर लिहीत होतो.

"अप्पा कधी पळाले न्हाईत," मी म्हणालो. "एकतीस वर्षांत."

अव्वाने माझ्याकडे पाहिलं. मग पलंगाकडे.

"दर साली पळायचे. वेस आली की पाचर टाकायची आन् टपरीकडं. पयल्या साली मी रडले. मग बघितलं की रथ आपलाआप उभा राहतोय, तवा रडायचं सोडलं. ह्यो नवा आपलाआप राहणार न्हाई हे मंजूनं सांगितलं, तवा दोर धरला."

पलंगावरून, भिंतीकडे तोंड केलेल्या अप्पांचा आवाज आला, "हळू बोल, पार्वती. लोक ऐकतील."

"ऐकू द्या," अव्वा म्हणाली. "गावातल्या समद्या बायांना ठाऊकच हाय."